बॅग माळ्यावर

काल बॅग माळ्यावर टाकली. फिरतीच्या नोकरीत ती कायम पलंगाखाली असायची, कधीही उचलून निघता यावं म्हणून. आता निलंग्यात खोली घेतली आहे.

घरमालकीण मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "गाव कोणतं म्हणायचं, बाबा?" मला पटकन सांगता आलं नाही. त्यांनी ताटात ज्वारीची भाकरी अन् शेंगदाण्याची चटणी वाढली, पुन्हा विचारलं नाही.

सकाळी गाड्यावर निलंगा राईस खातो. आजूबाजूला मराठी, दखनी, मधूनच कन्नड. कर्नाटकाची सीमा जवळ, शिवाय १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. हे बोलणं ऐकत बसायला फार आवडतं.

संध्याकाळी नीलकंठेश्वराला जातो. देवळाला तीन गाभारे. बाहेरची भिंत सरळ नाहीच. कोनामागून कोन पुढं आलेला, अन् उतरत्या उन्हात भिंतीवर कोरलेली एकेक सुरसुंदरी उजळत जाते. फिरतीवर देवळं पुष्कळ पाहिली, पण सगळं लक्ष एसटीकडे. तेच देऊळ रोज पाहण्यात एवढं सुख असेल असं वाटलं नव्हतं.

रविवारी कुंडी आणायची, कढीपत्ता लावायचा. मावशी म्हणाल्या, "काळी माती हाय, पाणी बेतानं घाल."