हौद्याला झूल

परभणीतल्या छोट्या हत्तींच्या मेळाव्याला निमंत्रणपत्रिका नसते. खंडेनवमी उजाडली की भाड्याच्या गाड्या जिथं रोज रांगेनं उभ्या असतात, तिथंच तो भरतो. एरवी ही रांग म्हणजे नंबरावरून कुरबुर, तळहातावर मळली जाणारी तंबाखू आणि भाडं घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाकडं सगळ्यांचं एकदम बघणं. आज बादल्या, फडकी, शाम्पूच्या पुड्या, झेंडूच्या माळा. एमएच 22 च्या पाट्या चमकतात. मधेच एखादी हिंगोलीची 38 घुसलेली असते. 1999 पर्यंत तेही याच जिल्ह्यातलं घर, त्यामुळं तिला कुणी पाहुणी समजत नाही.

एका गाडीच्या काचेवर ‘आईची पुण्याई’ बसवणं चाललंय. रेडियमवाला पोरगा साबणाच्या पाण्यानं काच ओली करतो, कापलेलं अक्षर तिच्यावर सरकवत जागेवर आणतो आणि जुन्या एटीएम कार्डानं आतला बुडबुडा कडेला रेटत नेतो. ‘पुण्याई’तला अर्धा ण जरा तिरपा बसतो.

“आईचं नाव हाय रे, नीट बसव.”

“बसवतो मामा, वाळू तर द्या.”

मामा म्हणवून घेणारा गडी तिशीचाही नसावा. पण गाडीचा मालक झाला की माणूस मामा होतो.

बाकीची सजावट आधीच झालेली. आरशांना काळे झुपके, केबिनच्या कपाळावर लोकरीचे गोंडे, बंपरला लिंबू-मिरची आणि मागं फाळक्यावर रंगवलेली खिल्लारी बैलजोडी. ही जोडी बघितली की सगळा उलगडा होतो. कपाळाला काय शोभतं, गोंडा कुठं लोंबला पाहिजे, घुंगरू किती वाजलं म्हणजे पुरे, हे या पोरांना कुणी शिकवलं? पोळ्यानं. शिंगांना बेगड लावणारे, झूल सारखी करणारे, घागरमाळ बांधणारे हात हेच. कित्येक गोठ्यांतली जोडी ट्रॅक्टर आल्यावर गेली, हातांची सवय तेवढी राहिली. परभणीच्या गाडीसजावटीची शाळा कुठली असं कुणी विचारलं, तर मी बेधडक श्रावणी अमावास्या सांगेन.

या गाडीला नटवण्याची हौस तिच्या जन्मातच असावी. टाटांची एस, म्हणजे हाच छोटा हत्ती, मे 2005 मध्ये आली: दोन सिलिंडरचं जेमतेम 700 सीसीचं डिझेल इंजिन, पाऊण टन ओझं. ती घडवणाऱ्या गटाचे प्रमुख गिरीश वाघ. काय हवं ते विचारत ही माणसं तीनचाकीवाल्यांत फिरली, तेव्हा चारचाकी असली तर लग्नाच्या बाजारात आपला भाव वाढेल, असं एकानं सांगितल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. मुलगी बघायला जाणारी गाडी उघड्या कपाळानं कशी जाईल?

मिनी ट्रक नटवण्याचं खरं वेड जगात गाजलं ते 1970 च्या दशकातल्या कॅलिफोर्नियात. पूर्ण पिकअपवर अमेरिकेत 25 टक्के जकात, म्हणून जपानहून नुसती केबिन-चेसिस यायची आणि हौदा तिथं गेल्यावर बसायचा. जुगाड काही आपल्याच मालकीचा नाही. पोरांनी त्या डॅटसन-टोयोटा जमिनीला टेकतील इतक्या खाली बसवल्या, हायड्रॉलिकवर हौदे नाचवले. देखणं काम, वाद नाही. पण हौदा नाचू लागला की त्यात पोतं ठेवायचं कुठं? आमच्याकडं स्प्रिंगचे पाटे कमी करत नाहीत, उलट एखादा जादा घालतात. त्यांची गाडी ओझ्यातून सुटली आणि मग नटली. आपली ओझ्यासकट नटते, हे मला जास्त अवघड आणि जास्त आवडीचं वाटतं. कापूस भरला की तो केबिनच्या वर चढतो, दोन्ही अंगांनी फुगतो आणि बाजूची सगळी चित्रं त्याच्याखाली बुडतात. दिसत राहतं ते कपाळ. म्हणून आईचं नाव तिथं.

नटण्यालाही क्रम असतो. नव्या गाडीला लिंबू-मिरची आणि एक माळ. मग नाव. मग गाण्याची पेटी. रंगकाम शेवटचा हप्ता फिटल्यावर. फाळक्यावरची बैलजोडी मालकाची ऐपत सांगते, हे रांगेतल्या प्रत्येकाला वाचता येतं. सरकारला मात्र यातलं थोडंच झेपतं. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम नोंदणीतल्या मूळ घडणीला हात लावू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानंही 2019 मध्ये तेच बजावलं. गोंडे चालून जातात. नाना सूर काढणारा हॉर्न पासिंगच्या आदल्या दिवशी उतरतो, सर्टिफिकेट हातात पडलं की पुन्हा चढतो. तो समोरून अंगावर येताना मी ऐकलाय. म्हणून कायद्याची बाजू मला पटते.

पुढचा मोठा जमाव 2 फेब्रुवारीला, तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाला. तेव्हा याच हौद्यांत मिठाईच्या कढया, खेळण्यांच्या पेट्या आणि नटूनथटून बसलेली अख्खी कुटुंबं असतात.

नारळ फुटला, प्रसाद वाटून झाला. तेवढ्यात मामाचा फोन वाजतो. मानवतच्या मोंढ्यात सोयाबीन टाकायचंय.

“कट्टे किती?” मामा विचारतो. पलीकडचा काहीतरी सांगतो. “चाळीस? दोन खेपा होतील, मालक. आज सणाचं भाडं जादा लागंल.”

घासाघीस सुरू होते. रेडियमवाला मान वर न करता म्हणतो, “मामा, काच अर्धा तास हलवू नका.”

“चालता चालता वाळंल,” म्हणत मामानं चावी फिरवलेली असते.