बांधायची ऑर्डर

तारापूर एमआयडीसीतला एखादा कामगार पाय मोडून वॉर्डात दाखल होतो. पहिला दिवस बरा जातो. मग हात थरथरू लागतात, दरदरून घाम फुटतो, भिंतीवर किडे चालताना दिसतात. तो सलाईन उपटतो आणि मोडका पाय खाली टाकून ड्युटीवर निघतो. रोजची दारू अचानक सुटली की दोन ते चार दिवसांत हे घडू शकतं, हे बोईसर-पालघरच्या फिजिशियनला पाठ असतं. पण रात्री दोन वाजता अख्खा वॉर्ड सांभाळणारी सिस्टर आणि मावशी दोघीच असतात. गॉजच्या पट्टीने दोन्ही मनगटं पलंगाला बांधली जातात. केसपेपरवर मात्र त्याची ओळही नसते.

ती ओळ डॉक्टरने लिहायची असते.

लिहायचं तर 'का बांधलं' हे सांगावं लागतं आणि त्यासाठी खाटेपाशी जावं लागतं. तिथे गेल्यावर गोष्टी दिसतात. साखर उतरलेली असते, ऑक्सिजन कमी असतो, लघवी तुंबून ओटीपोट टणक झालेलं असतं. ओडिशाहून आलेल्या माणसाला मराठी कळत नसतं, हेही कारण निघतं. कीटकनाशक पोटात गेलेल्या रुग्णाचं तर फारच बघावं लागतं. अनेक कीटकनाशकांवर अ‍ॅट्रोपिन द्यावंच लागतं. ते जास्त झालं की अंग तापतं, तोंड कोरडं पडतं, तो हवेत काहीतरी वेचत बडबडतो. अशा वेळी हात बांधून ड्रिप तशीच चालू ठेवणं ही सरळ चूक आहे. आधी अ‍ॅट्रोपिनचा डोस बघायला हवा. दारूवाल्याला लोराझेपाम आणि थायमिन हवं.

तरीही कधी कधी बांधावं लागतं. श्वासनळीतली ट्यूब रुग्णाने ओढून काढली आणि मोठं हॉस्पिटल मुंबईला, सुमारे शंभर किलोमीटरवर, तर त्या रात्री तत्त्वज्ञान चालत नाही. मग नोंद अशी हवी: 'रात्री 2.10. ट्यूब दोनदा ओढली. समजावलं, भाऊ शेजारी बसवला, उपयोग नाही. दोन्ही मनगटं, मऊ पट्टा. 4 वाजेपर्यंत. दर 15 मिनिटांनी बोटांचा रंग, नाडी, श्वास. 4 वाजता सोडून पुन्हा तपासणी. भावाला सांगितलं.' खाली सही. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जावीत. गाठ एका ओढीत सुटणारी हवी आणि ती पलंगाच्या स्थिर सांगाड्याला हवी. वरखाली होणाऱ्या कठड्याला बांधलं तर कठडा खाली करताना हात हिसकतो. गॉजचा तर पीळ बसून दोर होतो आणि मनगटात रुततो.

सगळ्यात वाईट ऑर्डर म्हणजे 'एसओएस बांधा', म्हणजे गरज पडली तर बांधा. गरज कुणी ठरवायची, हे त्यात नसतं. सगळा भार सिस्टरवर. अमेरिकेत अशी मोघम ऑर्डर नियमाने चालत नाही. हिंसक वागण्यासाठी प्रौढाची ऑर्डर फार तर चार तासांची आणि नऊ वर्षांखालच्या मुलाची एका तासाची असते.

आपल्याकडे 2001च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली. साखळीने बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आलं नाही. 28 जण गेले. आज 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याचं 97वं कलम स्पष्ट आहे. दुसरा उपायच नसेल तर बांधावं, गरजेपेक्षा एक क्षणही जास्त नाही, पद्धत, कारण आणि कालावधी ताबडतोब नोंदवावा, नामनिर्देशित प्रतिनिधीला 24 तासांत कळवावं. शिक्षा म्हणून बांधू नये, माणसं कमी आहेत म्हणूनही बांधू नये. हे शेवटचं वाक्य रात्रपाळीला फार बोचतं, पण ते बरोबर आहे. कलम मानसिक आरोग्य संस्थांसाठी लिहिलंय. जनरल वॉर्डाने ते आपणहून पाळायला कुणाची हरकत असणार?

तोवर वाचकांनी एवढं करावं. आपल्या माणसाचे हात बांधलेले दिसले तर सिस्टरवर ओरडू नये. ड्युटीवरच्या डॉक्टरांना बोलवावं आणि शांतपणे तीन गोष्टी विचाराव्यात: कशासाठी बांधलंय, किती वाजता सोडणार, आणि हे केसपेपरवर कुठे लिहिलंय?