गॉज आणि वकीलपत्र

बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात झालं. जखम भरेना, पू थांबेना. शेवटी छत्रपती संभाजीनगरला जखम पुन्हा उघडावी लागली, तेव्हा आतून गॉजची पट्टी निघाली. तिथल्या सर्जननी डिस्चार्ज कार्डावर तसं स्पष्ट लिहिलं. आमचं सगळं प्रकरण त्या एका ओळीवर उभं होतं. आपल्या भागात एका डॉक्टरविरुद्ध दुसऱ्याचं लेखी मत मिळणं जवळपास अशक्यच.

आई म्हणे, "कायले डाक्टरच्या मांगं लागून राह्यला? माणूस तं वाचला ना!"

दवाखाना केसपेपर देईना. मागितल्यापासून 72 तासांत ते द्यावेत, असा 2002 सालचा नियम आहे. लेखी अर्ज देऊन पोच घेतली, तेव्हा कुठं ते मिळाले. दोन वर्षांच्या मुदतीत बुलढाण्याला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, हे सुप्रीम कोर्टानं 1995 सालीच ठरवलंय.

वकील हुशार होते. पहिल्याच भेटीत त्यांनी औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलची 1963 सालची केस सांगितली. अच्युतराव खोडवांच्या बायकोच्या पोटात नसबंदीच्या वेळी टॉवेल राहिला, त्यात ती गेली. सुप्रीम कोर्टाचा निकाल आला 1996 मध्ये, भरपाई 36,000 रुपये. "पोटात वस्तू राहिली की निष्काळजीपणा वेगळा शाबीत करावा लागत नाही," ते म्हणाले. आम्हाला धीर आला. भरपाईच्या आकड्याकडं लक्षच गेलं नाही.

मग हेच वकीलसाहेब तारखांना येईनासे झाले. फोन उचलला तर म्हणत, "पुढची तारीख घेतलीय." प्रत्यक्षात तक्रार गैरहजेरीमुळे खारीज झाली होती. तो आदेश जिल्हा आयोगाला स्वतः मागं घेता येत नाही; त्यासाठी 45 दिवसांत राज्य आयोगाच्या नागपूर खंडपीठात अपील करावं लागतं.

डॉक्टरला ग्राहक आयोगात खेचता येतं, तर वकिलाला का नाही? मी चौकशी केली. वकिलाची सेवा त्या कायद्यात बसत नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टानं 14 मे 2024 रोजी दिलाय. उरते बार कौन्सिल. ती समज देते, सनद निलंबित करते, रद्दही करते. गेलेली फी परत मिळवायची तर दिवाणी दावा लावा. म्हणजे आणखी एक वकील!

नागपूरला अपील मंजूर झालं, तक्रार पुन्हा बोर्डावर आली. अट एकच: समोरच्या पक्षाला खर्च द्यायचा. वकील आले नाहीत, त्याचे पैसे बाबांनी त्याच डॉक्टरला मोजले.