काळ्या शेपटीचं हरीण आणि माझी एक्सेल शीट

ऑफिसात मी कशाचंही प्लॅनिंग करतो म्हणून लोक हसतात. गोव्याच्या ट्रिपचीसुद्धा शीट केली होती, आणि ती ट्रिप नेहमीप्रमाणे झालीच नाही. पण 2024 साली मी एक शीट बनवली तिचं नाव बघून माझा रूममेट चक्क खुर्चीवरून उठला. नाव होतं 'हरीण_फायनल_व्ही3'.

तर झालं असं की आमच्या टीममध्ये एक क्यूएवाला आहे. वयाने मोठा, मूळचा ओरेगनचा. आपण त्याला काका म्हणू. काका दर वर्षी नोव्हेंबरात आठवडाभर गायब होतो आणि परत आल्यावर डब्यात हरणाचं मांस आणतो. एकदा मी खाल्लं, आवडलं. दुसऱ्यांदा मागितलं तर काका शांतपणे म्हणाला, "पुढचं तू स्वतः आण."

ते डोक्यात बसलं. मी चिकन खातो, मटण खातो. रविवारी सुपरमार्केटच्या थर्माकोलच्या ट्रेवर प्लास्टिक ताणून बसवलेलं असतं ते उचलतो. आजपर्यंत मी एकही प्राणी मारलेला नाही, पण माझ्यासाठी किती मेले याचा हिशोब कुठल्याच शीटमध्ये नाही. एकदा तरी ते काम स्वतः करून बघावं, नाहीतर खाणं सोडावं, असं वाटायला लागलं. (सोडणं जमणार नव्हतं. पांढरा रस्सा हा माझा वीक पॉइंट आहे.)

ज्याच्या मागे लागलो तो कोलंबियन ब्लॅकटेल, म्हणजे म्यूल डियरचाच पश्चिम किनाऱ्यावरचा भाऊबंद. उत्तर कॅलिफोर्नियापासून वर ब्रिटिश कोलंबियापर्यंत दाट, ओल्या जंगलात राहतो. फार लांब फिरत नाही, झाडोऱ्यातून बाहेर येत नाही आणि आला तरी बहुधा अंधारात. फक्त नोव्हेंबरात, माजाच्या दिवसांत, नर जरा वेडे होतात आणि दिवसाउजेडी फिरतात. मी राहतो सॅन होजेला. कॅलिफोर्नियात ब्लॅकटेल आहेत, पण इथले बरेचसे सीझन त्याआधीच संपतात. पश्चिम ओरेगनच्या काही भागांत मात्र धनुष्यबाणाचा उशिराचा सीझन नेमका तेव्हा असतो. म्हणून ओरेगन. म्हणजे मी परराज्यातला.

परराज्यातला असण्याचे फायदे शून्य. टॅग, म्हणजे एका हरणाचा परवाना, स्थानिक माणसाच्या दहा पटीहून महाग. आणि खरी गंमत पुढे आहे. शिकार नोव्हेंबरात, पण धनुष्यबाणाच्या टॅगची मुदत ऑगस्टअखेरीस संपते, कारण लवकरचा आणि उशिराचा सीझन एकाच टॅगवर चालतो. हे मला कळलं तेव्हा मुदतीला चार दिवस राहिले होते. रात्री दोन वाजता कार्ड स्वाइप केलं. प्रॉडक्शनला शुक्रवारी संध्याकाळी कोड टाकताना पोटात होतं ना, अगदी तसं झालं.

धनुष्य का, बंदूक का नाही? माझा एच-वन. इथल्या केंद्रीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावरच्या परदेशी माणसाला बंदूक बाळगायला मनाई आहे. काही अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे हंटिंग लायसन्स असणं. म्हणजे मला चाललं असतं. पण ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभा असलेला माणूस 'अपवाद क्रमांक अमुक'च्या भरवशावर बंदूक घेऊन फिरेल का? धनुष्याला ही भानगड नाही. कंपाउंड बो घेतला. ओरेगनात हरणासाठी किमान 40 पौंडांची ओढ लागते, मी 50 वर लावला. अशा खरेदीवर 11 टक्के केंद्रीय कर असतो आणि तो 1937 च्या एका कायद्यामुळे वन्यजीव संवर्धनाकडे जातो हेही तेव्हाच कळलं. ओरेगन प्रौढांवर हंटर एज्युकेशनची सक्ती करत नाही, पण मी कॅलिफोर्नियाचा कोर्स केला. आपल्याला काय येत नाही ते तरी कळलं.

मग नकाशा. हा भाग माझ्यासारख्या माणसाला पेढ्याच्या दुकानासारखा. रोझबर्गच्या पश्चिमेला, कोस्ट रेंजच्या उतारावर, जमिनीचा नकाशा उघडलात तर बुद्धिबळाचा पट दिसतो. एक चौरस मैल सरकारी, शेजारचा खासगी, पुन्हा सरकारी. 1866 साली काँग्रेसने रेल्वेमार्ग बांधण्यासाठी जमीन दिली ती अशीच, एकाआड एक चौकोन. कंपनीने अटी मोडल्या, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 1916 मध्ये न विकलेली जमीन सरकारने परत घेतली. आज त्यातली बहुतेक ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे आहे, आणि मधले चौकोन बऱ्याच ठिकाणी लाकूड कंपन्यांकडे. म्हणजे हरीण सरकारी चौकोनात चरतंय आणि तुम्ही पोचणार खासगी चौकोनातून. परवानगी नसेल तर ते अतिक्रमण. नव्वद टक्के ठिकाणं इथेच बाद झाली.

राहिलेल्या दहा टक्क्यांत दोन गोष्टी शोधायच्या. पहिली, तीन ते दहा वर्षांपूर्वी तोडलेलं जंगल. डग्लस फर तोडले की ऊन जमिनीवर येतं, ब्लॅकबेरी आणि कोवळी झुडपं माजतात, हरणांना मेजवानी. नवी झाडं दाटली की ऊन बंद, खाणंही बंद. दुसरी, परत यायची वाट. काका म्हणाला होता, "मारण्यापासून प्लॅन करू नकोस, गाडीपासून उलटा कर." चांगल्या नराचं हाडं काढलेलं मांस पंचवीस किलोच्या आसपास भरतं. माझ्या पाठीवर, निसरड्या चढावर, एकट्याने. म्हणून शीटमध्ये नियम: रस्त्यापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. कापडी पिशव्या, सुऱ्या, दोरी, आइस बॉक्स, सगळं शीटमध्ये. हरणांच्या रोगाच्या भीतीमुळे बाहेरच्या राज्यातल्या हरणाचा मेंदू आणि मणका कॅलिफोर्नियात आणता येत नाही, म्हणजे कापाकापी तिथेच.

एवढं झाल्यावर आईला सांगितलं. इथे शीट संपते.

आई माळकरी आहे. तिने आमच्यासाठी कधी मटण शिजवलं नाही, पण खाऊन आलो तर बोललीही नाही. फोनवर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुला तिथे खायला मिळत नाही का?" मी सुपरमार्केट, थर्माकोल वगैरे लेक्चर दिलं. ती म्हणाली, "मग खाऊ नको." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. दोन आठवडे ती फोनवर हवापाण्याचंच बोलत राहिली.

बाबांनी मात्र आजोबांची आठवण काढली. आमचं गाव सावंतवाडीकडे. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या आधीची गोष्ट. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतात रानडुकरं यायची म्हणून. एका रात्री डुकराला गोळी लागली पण ते पडलं नाही. आजोबा दोन दिवस रानात रक्त शोधत फिरले. आजी ओरडत होती, भात कापायला आला होता, तरी फिरले. बाबा तेव्हा लहान होते, त्यांनी विचारलं कशाला. आजोबांचं उत्तर त्यांना अजून पाठ आहे: "जखमी जनावर सोडून घराक येवचा नाय." तिसऱ्या दिवशी सापडलं. ते डुक्कर कुणी खाल्लं नाही.

बाणाचंही हेच आहे. बाण बरोबर लागला तरी हरीण जागेवर पडत नाही, शंभरेक मीटर पळतं. अर्धा तास थांबायचं आणि मग रक्ताचा माग काढायचा. कोस्ट रेंजमध्ये नोव्हेंबरात पाऊस थांबत नाही. पाऊस रक्त धुतो, अंधार माग लपवतो आणि झाडोरा बाकीचं करतो. म्हणून शीटच्या सगळ्यात वर मी लाल रंगात तीन ओळी टाकल्या: पंचवीस यार्डांच्या पलीकडे नाही. जोरात पाऊस असेल तर नाही. उजेडाच्या शेवटच्या अर्ध्या तासात नाही. वर्षभर आठवड्यातून चार दिवस रेंजवर गेलो ते पहिल्या ओळीसाठी. बाकीच्या दोन ओळींसाठी प्रॅक्टिस करता येत नाही हे तेव्हा लक्षात आलं नाही.

साडेचारशे मैल गाडी मारून गेलो. चार दिवस. पहिल्या दिवशी वारा उलटला. सकाळी थंड हवा दरीत उतरते, उन्हं तापली की वर चढते, हे वाचलं होतं. मानेमागून झुळूक आली तेव्हा समजलं. दुसऱ्या दिवशी दोन माद्या दिसल्या. तिसरा दिवस तंबूत, भिजलेल्या मोज्यांबरोबर.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तो आला. पावणेपाचला सूर्यास्त झाला होता; कायद्याने अजून वीस मिनिटं होती. ब्लॅकबेरीच्या जाळीतून मान खाली घालून, मादीच्या वासावर. रेंजफाइंडरवर आकडा आला: बावीस. आडवा उभा राहिला. पाऊस दुपारपासून लागलेला होता आणि माझ्या टोपीच्या कडेवरून धार वाहत होती. मी दोरी ओढली. पूर्ण ओढली. एक वर्ष, सगळे पैसे, काकाचा डबा, सगळं त्या पिनच्या टोकावर होतं. पहिली ओळ हिरवी होती. दुसरी आणि तिसरी लाल.

हात थरथरायला लागेपर्यंत धरून ठेवली आणि मग सोडून दिली, बाण न सुटता. त्या हालचालीने त्याने मान वर केली आणि दोन उड्यांत गेला.

इथे मला काही तरी उदात्त वाटलं असं लिहिता आलं असतं. वाटलं नाही. प्रचंड चिडचिड झाली. गाडीत बसून स्टिअरिंगवर हात आपटला. सातेक तास ड्रायव्हिंगमध्ये मनात एकच: बावीस यार्ड होतं रे, बावीस!

रेडिंगच्या पुढे आईचा फोन आला. स्वतःहून. सगळं ऐकल्यावर तिने विचारलं, "त्या पावसात सापडलं असतं का तुला?"

"बहुतेक नाही."

"हं," म्हणाली. मग मोजे वाळले का विचारलं.

सोमवारी काकाला सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, पुढच्या वर्षी सकाळच्या बाजूला बस, संध्याकाळचा मोह नको. शीटची चौथी व्हर्जन उघडली आहे. ऑगस्टची मुदत कॅलेंडरवर टाकली, रिमाइंडर जुलैचा. आईच्या प्रश्नाचा कॉलमही आहे त्यात. तो अजून रिकामा आहे.