झिजलेले देव

आमच्या देवघरातल्या खंडोबाला चेहरा उरलेला नाही. चांदीचा पत्रा ठशावर ठोकून उठवलेला हा टाक जेमतेम अंगठ्याएवढा. घोड्याचा पुढचा पाय, उगारलेली तलवार आणि मागे बसलेल्या म्हाळसेची पाठ, एवढंच आता बोटाला लागतं. दर सणाला घरातल्या बायकांनी चिंच लावून देव उजळले आणि त्या उजळण्यातच देवाचे नाक-डोळे पुसून गेले. शेजारची भवानी तशीच गुळगुळीत. तिच्या पलीकडे ढाल-तलवारवाला, तो कुळातला कुणी वीर. आजी सगळे टाक ताम्हनात एकत्र घेई, पण पुसून परत मांडताना कधी चुकत नसे. कुणाच्या कडेला पोचा आहे, कोण हाताला जड लागतो, एवढ्यावर तिला देव ओळखू येत.

मला मूर्तीचं मोल या ओळखीत दिसतं. रूप कारागीर देतो. देवपण मात्र हात लागून लागून येतं. शेंदराच्या पुटांखालच्या तांदळ्याला तरी कुठे नाक-डोळे असतात? गाव त्याच्यासमोर वाकतंच.

तुकोबांच्या बाबतीत उलटं घडलं. ते दिसायला कसे होते, कुणालाच ठाऊक नव्हतं. १९३६ साली दामले-फत्तेलालांचा, प्रभातचा 'संत तुकाराम' हा चित्रपट आला आणि विष्णुपंत पागनीसांचा चेहरा तुकोबांचा झाला. एकेकाळी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारा हा नट. हातात वीणा-चिपळ्या, आत कुठेतरी लागलेली नजर. आजही तुकोबांची म्हणून भिंतीवर लावलेल्या किती तसबिरींत पागनीसच दिसतात! त्याच चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिलेला अभंगही लोकांनी तुकोबांचाच मानला. याला कुणी भाबडेपणा म्हणेल. मी म्हणणार नाही. अभंग ऐकत वाढलेल्या माणसांनी मनातला तुकोबा पडद्यावर ओळखला आणि हात जोडले. ओळख आधीची होती, चेहरा नंतर मिळाला. याउलट, गाजलेल्या सिनेमाच्या नायकाचं रूप गणपतीला दिलं, तर मंडप उतरेपर्यंत गर्दी होते. पुढच्या वर्षी ते रूप कुणाला आठवतही नाही.

भाऊ वेगळे निघाले की जुने देव बहुधा थोरल्याकडे राहतात. धाकटे सोनाराकडून नवे टाक करून घेतात, जेजुरीला नेऊन देवाला भेटवून आणतात. नव्या टाकावर खंडोबाच्या मिशासुद्धा मोजून घ्याव्यात इतक्या ठसठशीत असतात. त्यात वाईट काही नाही. घासायला पुढच्या पिढ्या आहेत. पण तुमच्याकडचे टाक झिजले असतील, तर बदलायची घाई करू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, एकेक टाक त्यांच्या हातात द्या, कोणता कुणाचा ते विचारा आणि त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.