फणसोंब्याची ओळख

कोकणात तान्ह्या बाळाचं तोंड आलं की फणसोंबा सहाणेवर उगाळून लावतात. फणसाच्या खोडावर उगवणारी, खुराच्या आकाराची ही बुरशी लाकडाइतकीच कठीण असते. औषध म्हणून ती घरोघरी ठाऊक. पण शास्त्रीय नाव विचारलं की आम्ही कवकवाले एकमेकांकडे बघतो. बरीच पुस्तकं ‘फेलिनस’ म्हणून मोकळी होतात. तपकिरी, टणक, वर्षानुवर्षं वाढणारी अठरापगड मंडळी त्या एका नावाखाली कोंबलेली आहेत.

आमचा नमुना सावंतवाडीकडच्या एका म्हाताऱ्या फणसावरचा, कोयत्यानं सोडवून आणलेला. पातळ कापावर पोटॅशचा थेंब टाकला आणि तो तिथल्या तिथे काळा पडला. हायमेनोकीटेसी हे कुळ पक्कं झालं. पुढचं मात्र इतकं सरळ नव्हतं. जुन्या फणसोंब्याच्या खालच्या नळ्यांत बीजाणू सापडता सापडत नाहीत. पावसात नव्यानं वाढलेली कड हाती लागली, तेव्हा कुठे तपकिरी, जाड भिंतीचे, लंबगोल बीजाणू दिसले.

डीएनए काढणंही जिकिरीचंच. द्रवरूप नायट्रोजन ओतून खलात कुटलं तरी बुरशीतली रंगद्रव्यं अर्कात उतरतात आणि डीएनएच्या प्रती काढणारी पीसीआर अडवतात. धुऊन धुऊन अखेर आयटीएसचा तुकडा मिळाला. कवकांचा बारकोड म्हणून 2012 मध्ये सुचवला गेला तो हाच. जेनबँक या डीएनए-क्रमांच्या संग्रहात ताडून पाहिला, तर पहिल्याच जुळणीला नुसतं ‘फेलिनस’ असं नाव. कुणी, कशावरून दिलं, देव जाणे. वंशवृक्षात मात्र आमचा नमुना त्याच कुळातल्या फुल्विफोमेसच्या शेजारी, स्वतंत्र फांदीवर बसला.

अशी फांदी दिसली की नवी प्रजाती जाहीर करायची घाई हल्ली फार झाली आहे. मला ते पटत नाही. डोळ्याला दिसेल असा फरक दाखवता आला नाही, तर रानात उभा असलेला माणूस ती ओळखणार कशी? म्हणून पुन्हा सूक्ष्मदर्शकावर बसलो. मिलिमीटरमागे छिद्रं किती, सीटी म्हणजे काळपट काटे आहेत का, बीजाणूंची लांबी-रुंदी किती? छिद्रं शेजाऱ्यांपेक्षा बारीक भरली. बीजाणूंची मापं मात्र त्यांच्या मापांत मिसळतात.

एवढ्यावर नाव द्यायला माझा हात धजत नाही. पुण्यात आघारकर संस्थेच्या अजरेकर हर्बेरियममध्ये जुने नमुने आहेत, ते ताडून पाहायचे आहेत. शिवाय दुसऱ्या झाडावरचा, दुसऱ्या गावचा फणसोंबा हवा. तोही त्याच फांदीवर बसला आणि त्याचीही छिद्रं तेवढीच बारीक निघाली, तर लिहायला घेऊ.