रमोन आडनावाचे

जॉनी, जोई, डी डी आणि टॉमी. चौघांचंही आडनाव रमोन, आणि जन्माने एकाचंही ते नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या फॉरेस्ट हिल्समध्ये 1974 साली ‘रमोन्स’ हा बँड काढायला ही पोरं एकत्र आली, तेव्हा घरी त्यांची आडनावं कमिंग्ज, हायमन, कॉल्विन आणि एर्देली अशी होती. टॉमी बुडापेस्टमध्ये जन्मलेला. डी डीचे वडील अमेरिकी सैन्यात, म्हणून त्याचं बालपण जर्मनीत गेलेलं. बीटल्सचा पॉल मॅकार्टनी उमेदवारीच्या दिवसांत कधीमधी ‘पॉल रमोन’ या नावाने वावरायचा. ते आडनाव आधी डी डीने उचललं, मग बाकीच्यांनी. आडनाव सांगितलं की समोरच्याला गाव, जात, पोटजात सगळं कळतं, अशा मुलखात मी वाढलो. असं ठरवून घेतलेलं आडनाव मला फार मोलाचं वाटतं.

त्यांचा पहिला अल्बम 1976 च्या एप्रिलमध्ये आला. गाणी 14, आणि सगळी मिळून 29 मिनिटांची. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची असते. पुण्यात कॉलेजात असताना एका मित्राने तो अख्खा अल्बम मला एका बाजूवर भरून दिला होता. शेवटी जेमतेम मिनिटभराची खरखर उरायची. दुसरी बाजू कोरीच राहिली, कारण पहिलीच बाजू मागे फिरवून पुन्हा ऐकण्यात माझे दिवस जात.

जॉनीच्या उजव्या हाताबद्दल मात्र सांगायलाच हवं. गिटारच्या तारांवर हात एरवी खाली-वर फिरतो. जॉनी फक्त खालच्या दिशेने आघात करायचा, आणि तोही त्या भन्नाट वेगात. गिटार घेऊन एखादं गाणं तसं वाजवून पाहावं. पहिल्या कडव्यातच मनगट भरून येतं, दुसऱ्यापर्यंत कोपरापासून खालचा हात दगड होतो. हा माणूस उभ्याने, गिटार पार मांडीपर्यंत खाली सोडून, गाण्यामागून गाणं असंच वाजवायचा; मध्ये श्वास घ्यायला डी डीने ओरडून मोजलेले चार आकडे, तेवढीच फुरसत. ‘यांना वाजवता येत नव्हतं’ म्हणणाऱ्यांशी मी आजही भांडतो. त्या गदारोळावर जोईचा आवाज तरंगतो, साठच्या दशकातल्या प्रेमगीतांसारखा लाडिक. साडेसहा फुटांचा हा किडकिडीत पोरगा मंत्रचळाने बेजार होता. अंगाखांद्यावर असं ओझं वागवणारी मुलं जगात कुठे नसतात? त्यांना तो आवाज लगेच ओळखीचा वाटला.

रेडिओवर आपलं एक तरी गाणं गाजावं, ही जोईची आस होती. मायदेशात ती पुरी झाली नाही. 22 वर्षांत 2263 कार्यक्रम झाले, त्यातल्या कितीएकांसाठी व्हॅनमधून रस्ता तुडवावा लागला. त्यात जोईची मैत्रीण लिंडा जॉनीकडे गेली, पुढे त्याची बायको झाली. त्यानंतर वर्षानुवर्षं जोई आणि जॉनी शेजारी उभे राहून वाजवत-गात राहिले, पण एकमेकांशी जवळजवळ बोलत नसत. भाऊबंदकी म्हणतात ती हीच. मंचावर जे नातं विटलं, ते समोर उभ्या राहिलेल्या लोकांनी मात्र जिवापाड जपलं. 1989 साली डी डी बाहेर पडला, तेव्हा त्याच्या जागी आलेला पोरगा आधी त्यांचा चाहताच होता. मरीन दलातून आला आणि सी. जे. रमोन झाला.

सगळ्यात जास्त जीव लावला तो अर्जेंटिनातल्या ब्यूनोस आयरेसने. तिथे ते 1987 साली पहिल्यांदा गेले. लष्करी राजवट जाऊन तीन-चारच वर्षं झाली होती. तरुण माणसं घरातून उचलून नाहीशी केली जात, तो काळ सगळ्यांच्या आठवणीत ताजा होता. चाहते स्वतःला ‘रमोनेरो’ म्हणवू लागले. 16 मार्च 1996 ला रिव्हर प्लेट क्लबचं अवाढव्य फुटबॉल स्टेडियम त्यांच्यासाठी भरलं. 1978 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना याच मैदानावर झाला होता, आणि त्या वेळी तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, नौदलाच्या शाळेत, कैद्यांचा छळ चालू होता. त्या मैदानात आता हजारो पोरं एका तालावर उड्या मारत होती. पाच महिन्यांनी लॉस एंजेलिसच्या एका बेताच्या सभागृहात रमोन्सचा शेवटचा कार्यक्रम झाला. मायदेशाने त्यांना एवढीच जागा दिली, याचं मला अजून वाईट वाटतं.

जोई 2001 साली गेला, डी डी 2002 साली, जॉनी 2004 साली. पहिल्या अल्बमच्या पाच लाख प्रतींची अमेरिकेतली ‘गोल्ड’ मोहोर उमटली ती 2014 च्या एप्रिलमध्ये, 38 वर्षांनी. मूळ चौघांपैकी तेव्हा टॉमी एकटा उरला होता. जुलैत तोही गेला.

त्यांचा गोल शिक्क्याचा टी-शर्ट आता जगभर रस्तोरस्ती लटकलेला दिसतो. बँडचा चित्रकार मित्र आर्तुरो वेगा याने अमेरिकेच्या अध्यक्षांच्या मुद्रेवरून तो शिक्का बेतला, गरुडाच्या पंजात बेसबॉलची बॅट दिली. घालणाऱ्यांनी एकही गाणं ऐकलेलं नसतं, म्हणून जुने चाहते चिडतात. मला राग येत नाही. रेकॉर्ड खपत नव्हत्या तेव्हा याच टी-शर्टांनी बँडला हात दिला होता, आणि अंगावर टी-शर्ट असला की कधीतरी कुणीतरी विचारणारच, हे कोण?

रमोन्सवर जीव लावणारे दूर जपानातही होते. ओसाकामध्ये 1981 साली नाओको यामानो, तिची धाकटी बहीण आत्सुको आणि मैत्रीण मिचिए नाकातानी यांनी शोनेन नाइफ हा बँड सुरू केला. रमोन्सवर नाओकोचा जीव. तिची स्वतःची गाणी खाऊची, मांजरांची, पण ठेका थेट क्वीन्सचा. बँडला तीस वर्षं झाली तेव्हा, 2011 साली, त्यांनी फक्त रमोन्सची गाणी घेऊन एक अल्बम काढला आणि नाव ठेवलं ‘ओसाका रमोन्स’. गाण्यात जपानी हेल तसाच आहे, झाकायचा प्रयत्नही नाही. मी हा अल्बम मूळ अल्बमच्या शेजारी ठेवतो, आणि कधी कधी तोच आधी लावतो.